मर्फी खरे, पण कुठले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक निवृत्त आजोबा नातवासाठी दोन्ही घरांची वंशावळ करताहेत. आपल्या बाजूची सहा पिढ्यांची नावं त्यांना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाली. सून बोस्टनची, माहेरची मर्फी. व्याह्यांच्या दिवाणखान्यात सिंहांची ढाल टांगलेली आहे आणि "आम्ही लेन्स्टरच्या राजाचे वंशज" असं ते अभिमानाने सांगतात (लेन्स्टर हा आयर्लंडचा पूर्वेकडचा प्रांत). आजोबांनी विचारलंय की हे खरं धरायचं का, आणि हे मर्फी लोक मूळचे कुठले.

मी १८ वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहते आणि लोकांच्या पूर्वजांचे कागद शोधून देण्याचं काम करते. त्याआधी पुण्यात मोडी कागद वाचायचे, त्यामुळे गिचमिड अक्षराची भीती कधी वाटली नाही. मर्फी आडनावाचं काम मात्र हाती आलं की अजूनही आधी चहा ठेवते आणि मग फाइल उघडते.

आपल्याला हे आडनाव दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक म्हणजे मर्फी रेडिओ आणि त्याच्या जाहिरातीतलं बोट टेकवून हसणारं बाळ. ती कंपनी फ्रँक मर्फी या इंजिनिअरने १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये, वेल्विन गार्डन सिटीत काढली. दुसरी गोष्ट म्हणजे 'मर्फीचा नियम', जे बिघडण्याजोगं असेल ते बिघडणारच. तो नियम एडवर्ड मर्फी या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर आहे आणि त्याची गोष्ट १९४९ ची, कॅलिफोर्नियातल्या हवाई दलाच्या तळावरच्या रॉकेट-गाडीच्या चाचण्यांची आहे. एक मर्फी इंग्लंडमधला, दुसरा अमेरिकेतला. आडनाव सोडून या दोघांत काही समान आहे असं कोणी दाखवलेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

मूळ आयरिश रूप 'ओ मुरुखू'. जुन्या लिखाणात ते आणखी लांबलचक दिसतं, पण आजचा उच्चार साधारण असा. यातला ख घशातून घासत येणारा, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. आपल्या 'मूर्ख'शी याचा काडीचा संबंध नाही, तेव्हा व्याह्यांसमोर हसू येऊ देऊ नका. 'मुर' म्हणजे समुद्र, 'कॅह' म्हणजे लढाई. दोन्ही जोडून झालेलं 'मुरखा' हे माणसाचं पहिलं नाव होतं, अर्थ दर्यावर्दी लढवय्या. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओ मुरुखू म्हणजे मुरखाच्या वंशातला.

बायकांचं आडनाव वेगळं होतं. अविवाहित मुलगी 'नी वुरुखू', लग्न होऊन त्या घरात आलेली 'ई वुरुखू'. 'ओ'च्या जागी 'मुलगी' किंवा 'बायको' दाखवणारा शब्द येतो आणि त्यापुढे 'म'चा 'व' होतो. इंग्रजी कागदांत हा भेद पार पुसला गेला, सगळ्यांवर एकच 'मर्फी' बसलं. आयरिश भाषेतल्या शाळांत आणि सरकारी पत्रांत तो आजही जिवंत आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक नी वुरुखू आहे, तिचा भाऊ ओ मुरुखू, आणि दोघांच्या पासपोर्टवर मर्फी.

आयर्लंडमधली वंशपरंपरागत आडनावं युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत. इ.स. ९१६ मध्ये गॉलवेकडचा एक सरदार 'ओ क्लेरिग', म्हणजे आजच्या भाषेत क्लिअरी, मरण पावल्याची नोंद बखरींत आहे. ती अशा आडनावाची अगदी सुरुवातीची नोंद मानतात. दहाव्या-अकराव्या शतकांत ही पद्धत देशभर रुजली. आपल्याकडे वाईकर, सातारकर म्हटलं की गाव कळतं, कुलकर्णी म्हटलं की वतन कळतं. आयरिश आडनाव सहसा यातलं काहीच सांगत नाही, ते फक्त एका पूर्वजाचं नाव सांगतं. गोम अशी की मुरखा हे नाव त्या काळी घरोघर होतं. समजा मराठी मुलखात चार-पाच ठिकाणच्या चार-पाच संभाजींच्या नातवंडांनी 'संभाजीवंशी' असं आडनाव लावलं असतं, तर आज सगळे एकच दिसले असते. मर्फींचं नेमकं तेच झालं.

किमान चार ठिकाणी हे आडनाव स्वतंत्रपणे उगवलं. आग्नेयेला वेक्सफर्ड. तिथले मर्फी 'ई खेनशेलिग' या लेन्स्टरच्या राजकुळाच्या 'ई फेलमा' नावाच्या शाखेचे. बॅलाकीन या परगण्यात त्यांचा मुलूख होता आणि त्याला 'मरोज' असंच म्हणत. उत्तरेला टायरोनमध्ये दुसरं कुळ, पण ते 'ओ' नव्हे, 'मॅक' मुरखा. ते पुढे दक्षिण आर्माकडे सरकलं आणि मॅक गाळून तेही मर्फीच झालं. पश्चिमेला स्लायगोच्या बाजूला तिसरं. आणि चौथं आमच्या इथलं कॉर्क, त्यातही मस्करीचा भाग. (हो, तो परगणा खरोखरच मस्करी आहे.) मस्करीतल्या काही घराण्यांची परंपरा आपण वेक्सफर्डकडून आलो असं सांगते, बाकीच्यांची तसं काही सांगत नाही. वाय-क्रोमोसोमच्या (तो बापाकडून मुलाकडेच जातो) चाचण्या करून घेणारे मर्फीही एका गटात बसत नाहीत. वेगवेगळे गट पडतात आणि त्यांचे पुरुष-पूर्वज आडनावं रूढ होण्याच्या कितीतरी आधीच वेगळे झालेले निघतात.

आता राजाकडे येऊ. व्याह्यांना ज्याचा वंश सांगायचा असतो तो बहुधा डर्मट मॅक मुरखा, लेन्स्टरचा राजा. पूर्वज म्हणून हा माणूस कोणी हौसेने निवडावा याचं मला नवल वाटत आलंय. ११५२ मध्ये त्याने ब्रेफ्नीच्या राजाची राणी डर्व्होर्गिला पळवून नेली (काही म्हणतात तीच राजीखुशी गेली). ११६६ मध्ये त्याचं राज्य गेलं, तेव्हा तो इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाकडे मदत मागायला गेला. ११६९ मध्ये त्याच्या मदतीला नॉर्मन शिपाई बॅनोच्या खाडीत उतरले, ११७० मध्ये त्यांचा सरदार स्ट्राँगबो आला आणि डर्मटने आपली मुलगी ईफा त्याला दिली. ११७१ मध्ये डर्मट मेला. पाहुणे मात्र पुढची काही शतकं गेले नाहीत. त्याला 'परक्यांचा डर्मट' असं नाव पडलं. आपल्याकडे सूर्याजी पिसाळाचं नाव ज्या सुरात घेतात, तोच सूर इथे डर्मटचं नाव घेताना लागतो.

गंमत म्हणजे डर्मटच्या बापाचं नाव मुरखा नव्हतंच, ते होतं डोनखा. मुरखा हा त्याचा आजा. म्हणजे 'मॅक मुरखा' त्याच्या काळापर्यंत आडनावच झालेलं होतं. आणि डर्मटचे खरे वंशज मर्फी म्हणून ओळखले जात नाहीत. त्याचा मुलगा डोनल कॅव्हनॉ, त्याच्यापासून कॅव्हनॉ घराणं. दुसरा मुलगा एना, त्याच्यापासून किन्सेला. मूळ नाव मॅकमरो म्हणून काही घरांत टिकलं. वेक्सफर्डचे मर्फी त्याच मोठ्या कुळाच्या बाजूच्या फांदीचे, म्हणजे भाऊबंद म्हणा, पण थेट वंशज नाहीत. त्या फांदीच्या प्रमुखाला 'द ओमॉरकू' म्हणतात, आणि वेक्सफर्डमधल्या उलर्टली इथल्या त्या घराण्याने आडनावाचं जुनं रूप आजतागायत सोडलेलं नाही. म्हणून तुमचे व्याही वेक्सफर्डचे निघाले तरच 'राजाचे लांबचे भाऊबंद' एवढं म्हणता येईल. कॉर्कचे, आर्माचे किंवा स्लायगोचे निघाले तर तेही नाही.

ढालीबद्दलही सांगून टाकते. तसल्या ढाली विमानतळावर, बाजारात, सगळीकडे मिळतात. आडनाव सांगा, पाच मिनिटांत ढाल हातात. पण कुलचिन्ह आडनावाला नसतं, ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना दिलेलं असतं. त्याची कचेरी १५५२ पासून आहे, आज ती डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. सिंह आणि गव्हाच्या पेंढ्या असलेली 'मर्फींची ढाल' कुठल्यातरी एका मर्फी घराण्याची, तुमच्या व्याह्यांची असण्याचं काही कारण नाही. भिंतीवर छान दिसते, राहू द्या. वंशावळीत मात्र चिकटवू नका.

मुरुखूचं मर्फी कसं झालं? कारकुनांमुळे. इंग्रज कारकून ऐकू येईल तसं रोमन लिपीत उतरवायचा. घशातला ख आणि त्यामागचा व त्याच्या कानाला 'फ' वाटला असावा. काही ठिकाणी मॉरो झालं, काही ठिकाणी मॉरॉ, कुठे मॉर्फी. स्कॉटलंडमध्ये याच पहिल्या नावावरून मर्चिसन आलं. नावं बदलायला लावण्याचे कायदेही होते. १४६५ च्या कायद्याने डब्लिन धरून चार काउंटींतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितलं. घ्यायचं ते एखाद्या गावाचं, नाहीतर रंगाचं (पांढरा, काळा, तपकिरी), धंद्याचं (लोहार, सुतार) किंवा हुद्द्याचं (आचारी, बटलर). आज आयर्लंडमध्ये भेटणारा प्रत्येक स्मिथ इंग्रज का नसतो, ते यावरून कळेल.

सतराव्या-अठराव्या शतकांत कॅथलिकांवर निर्बंध आले, जमिनी गेल्या, आणि आडनावापुढचे 'ओ' आणि 'मॅक' गळायला लागले. आयरिश दिसणं तोट्याचं झालं होतं. १८९३ मध्ये गेलिक लीग निघाली, भाषेचा अभिमान परतला आणि बऱ्याच जणांनी ओ पुन्हा लावला. सुलिव्हनचे ओ'सुलिव्हन झाले, कॉनरचे ओ'कॉनर. मर्फींनी मात्र इंग्रजीत ओ कधीच परत घेतला नाही. 'ओ'मर्फी' मला कॉर्कच्या कागदांत अजून भेटलेला नाही. इतिहासात एक ठळक अपवाद सापडतो, तोही फ्रान्समध्ये. १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश शिपाई फ्रान्सच्या फौजेत गेले आणि आयरिश नावं तिकडे रुजली. १७३७ मध्ये रुआँ इथे जन्मलेली मारी-लुईझ ओ'मर्फी आयरिश वंशाच्या अशाच घरातली. पंधराव्या लुईची ती काही काळ मर्जीतली बाई होती आणि बूशे या चित्रकाराने तिचं चित्र काढलं. ओ टिकला तो असा परक्या दरबारात.

वेक्सफर्डचा आणखी एक मर्फी लोकांच्या तोंडी असतो, तो म्हणजे बूलाव्होगचा धर्मगुरू फादर जॉन मर्फी. १७९८ च्या उठावात त्याने शेतकऱ्यांचं पुढारपण केलं आणि २ जुलै १७९८ रोजी टलो गावात त्याला हाल करून मारलं. अमेरिकेतून येणारी मंडळी अधूनमधून त्याचेही 'थेट वंशज' असतात. कॅथलिक पाद्र्याचे थेट वंशज! मी हसू आवरते आणि नम्रपणे विचारते, "त्यांच्या भावाचे का?"

आता संख्या बघा. १८९० सालचे जन्म मोजून रजिस्ट्रार-जनरलच्या कचेरीतले रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९४ मध्ये आडनावांचा अहवाल काढला. त्यात पहिला नंबर मर्फीचा, अंदाजे ६२,६०० माणसं. त्यामागे केली ५५,९००, सुलिव्हन ४३,६००. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४७ लाख, म्हणजे साधारण दर ७५ माणसांत एक मर्फी. आजही कॉर्क आणि वेक्सफर्ड हेच त्यांचे बालेकिल्ले. अभिनेता किलियन मर्फी आमच्या कॉर्कचाच, आणि १८५६ पासून काळी बीअर बनवणारी मर्फीची भट्टीही इथलीच. इंग्रजी बोलीत तर बटाट्यालाच 'मर्फी' म्हणायची पद्धत पडली. यात कौतुक किती आणि कुचेष्टा किती ते तुम्ही ठरवा.

बटाट्याचं नाव निघालं की दुष्काळ आलाच. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. १८५१ मध्ये माणसं उरली साधारण साडेपासष्ट लाख. १० लाखांच्या आसपास उपासमारीने आणि तापाने गेली, तितकीच किंवा जास्त जहाजांत बसून निघून गेली, आणि गळती पुढेही थांबली नाही. कॉर्कचं बंदर या वाटेवरचा मोठा धक्का. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत मर्फी आडनावाची माणसं ३ लाखांहून जास्त भरली, म्हणजे मॅथेसनने सगळ्या आयर्लंडात मोजलेल्यांच्या जवळजवळ पाचपट. त्यांत दर दहांत एकाहून जास्त माणूस कृष्णवर्णीय आहे. एडी मर्फीचं नाव तुम्हाला माहीतच असेल. गुलामगिरीच्या काळात आणि नंतर आडनावं कुठल्या कुठल्या वाटांनी माणसांना चिकटली, त्याची ही खूण. नुसत्या आडनावावरून रक्त ओळखू गेलं की तिथे फसगत होते.

पण सगळेच दुष्काळामुळे गेले नाहीत, आणि सगळेच बोस्टनलाही उतरले नाहीत. वेक्सफर्ड आणि वॉटरफर्डचे लोक कॉड माशाच्या धंद्यापायी दुष्काळाच्या कितीतरी आधी न्यूफाउंडलंडला जाऊन राहिले. तिथे मर्फी आजही चिकार, आणि त्यांच्या बोलण्यातली हेल ऐकली तर वॉटरफर्डचा माणूस समजाल. वेक्सफर्डचाच जॉन जेम्स मर्फी १८४४ मध्ये अर्जेंटिनाला गेला आणि मेंढ्या पाळून गब्बर झाला. सांता फे प्रांतात आज 'मर्फी' नावाचं गाव आहे ते त्याच्यावरून. तिकडच्या मर्फींना इंग्रजी येईलच असं नाही, पण पाळंमुळं विचारायला ते वेक्सफर्डला येतात.

आणि एक मर्फी तुमच्या ओळखीच्या कित्येक मराठी घरांच्या अगदी शेजारी आहे. मार्टिन मर्फी थोरला, १७८५ चा जन्म, तोही वेक्सफर्डचा. १८२० मध्ये कुटुंब घेऊन कॅनडात क्यूबेककडे गेला, तिथून मिसुरी, आणि १८४४ मध्ये सुमारे ५० माणसांच्या तांड्याबरोबर बैलगाड्यांनी कॅलिफोर्नियात. सिएरा नेवाडाचे डोंगर गाड्यांसह ओलांडणारा तो पहिला तांडा मानतात. याच वाटेवर दोन वर्षांनी डॉनर मंडळींचा तांडा बर्फात अडकला आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं मेली, यावरून वाट कसली होती ते कळेल. त्याचा मुलगा धाकटा मार्टिन याने ज्या विस्तीर्ण कुरणावर गहू पेरला आणि गुरं पाळली, तिथे आज सनीव्हेल शहर आहे. तिथली मर्फी अ‍ॅव्हेन्यू त्याच घराण्याच्या नावाची. बे एरियात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी त्या रस्त्यावर कॉफी प्यायलेली असते, ती एका वेक्सफर्डच्या शेतकऱ्याच्या शिवारात.

भारतातही मर्फी आले, पण शिपाईगड्याच्या वेषात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत १८२५ ते १८५० या काळात भरती झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ निम्मे आयरिश होते. मुंबई इलाख्यातले गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत आहेत. व्याह्यांच्या घरात "पणजोबांचे भाऊ इंडियात होते" अशी काही आठवण असेल तर ती मालिका बघा. अशी आठवण नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, वेळ जातो.

आता खरं काम. तुम्हाला एकच गोष्ट शोधायची आहे, ती म्हणजे टाउनलँड. हा आयर्लंडातला जमिनीचा सर्वांत लहान नाव असलेला तुकडा. आपल्याकडची वाडी म्हणा, पण नकाशावर आखलेली आणि महसुलात धरलेली. देशात अशा ६० हजारांवर आहेत. त्यावर सिव्हिल पॅरिश (अशा काही वाड्यांचा गट), त्यावर परगणा, त्यावर काउंटी. अमेरिकेतला माणूस "आम्ही काउंटी कॉर्कचे" म्हणतो तेव्हा तो "आम्ही पुणे जिल्ह्याचे" एवढंच सांगत असतो. पुणे जिल्ह्यातले नक्की कुठले पवार हे त्यावरून कोणी सांगेल का?

हे टाउनलँड आयर्लंडात शोधायला सुरुवात करू नका. ते बोस्टनमध्ये सापडतं. ही माझी सगळ्यांना पहिली सूचना असते आणि बहुतेक जण ती ऐकत नाहीत. १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांत बहुधा नुसतं 'आयर्लंड' एवढंच असतं, त्यावर विसंबू नका. चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्युलेख, आणि सर्वांत आधी थडगं. बोस्टन भागातल्या जुन्या आयरिश थडग्यांवर काउंटीच नव्हे तर गावच्या पॅरिशचं नावही पुष्कळदा कोरलेलं असतं. दुसरं, बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या. भाऊ भावाला शोधतोय, बायको नवऱ्याला. त्यांत गावाचं नाव, जहाजातून कधी उतरला, शेवटचा कुठे होता, सगळं असायचं. कारण शोधणाऱ्यालाही कळत होतं की नुसतं 'मर्फी' लिहून कोणी सापडणार नाही.

पॅरिश कळली की आयर्लंडातले कागद उघडायचे. इथे एक दुखरी गोष्ट आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. त्यापुढच्या चार शिरगणत्या सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केल्या होत्या. पूर्ण वाचलेल्या आणि फुकट बघता येणाऱ्या सर्वांत जुन्या शिरगणत्या १९०१ आणि १९११ च्या, पण तोवर तुमचे मर्फी निघून गेलेले असतील. म्हणून आधार घ्यायचा तो ग्रिफिथच्या मोजणीचा. १८४७ ते १८६४ या काळात झालेली ही करआकारणी, आपल्या सातबाऱ्याची चुलत बहीण. कोणत्या टाउनलँडमध्ये कोण कूळ, जमीनदार कोण, किती एकर. त्याआधीची, १८२३ ते १८३७ च्या सुमाराची, चर्चच्या दशमांश कराची पुस्तकं. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८६४ पासून. आणि कॅथलिक चर्चची रजिस्टरं, जी २०१५ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, साधारण १८८० पर्यंतची.

ही रजिस्टरं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. जॉनचा योहानेस, जेम्सचा याकोबुस. ते सोपं. अवघड आहे ते आयरिश नावाला इंग्रजी मुखवटा चढवलेलं. डर्मटचा जेरेमाया किंवा डार्बी होतो, टायगचा टिमथी, क्रोहूरचा कॉर्नेलियस. कॉर्ककडे गोबनेट नावाच्या बाईचं कागदावर अ‍ॅबिगेल होतं, कधी डेबोरा. एकच बाई बाप्तिस्म्यात एक, लग्नात दुसरी आणि बोटीच्या यादीत तिसरी. मात्र या रजिस्टरांत एक गोष्ट सोन्यासारखी आहे. आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या वंशावळीत बायकांची नुसती सासरची नावं उरतात, कधी तीही नाहीत. इथे मर्फी शोधताना मी मर्फी शोधतच नाही, तिच्या माहेरचं एखादं विरळ आडनाव शोधते. बापाचं नाव जॉन मर्फी असेल आणि आईचं माहेर हार्नेडी, तर मी हार्नेडी शोधेन. जॉन मर्फी हजारांनी आहेत.

हे मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला पूर्वजाचं घर दाखवलं. घर म्हणजे चार भिंती आणि आत वाढलेली काटेरी झुडपं. बाईंना रडू आलं, फोटो झाले. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तीच ग्रिफिथची यादी उघडली तेव्हा दिसलं की त्या टाउनलँडमध्ये दोन जॉन मर्फी होते. एकापुढे कंसात 'मायकल' होतं, म्हणजे मायकलचा जॉन. दुसऱ्यापुढे 'रेड', म्हणजे तांबड्या केसांचा. त्यांचा होता तो तांबडा, आणि मी दाखवलं मायकलचं घर. दोघांच्या बायकांची नावं मेरी. कळवलं, पैसे परत केले. बाईंनी उत्तर पाठवलं की फोटो ती तशीच ठेवणार, भिंती तर खऱ्याच होत्या ना.

कंसातलं ते नाव कधी सोडू नका. एका पॅरिशमध्ये ३० घरं मर्फींची असली की गावकरी आडनाव वापरतच नाहीत. बापाचं, आज्याचं नाव लावतात किंवा टोपणनाव, बॉन म्हणजे गोरा, रुआ म्हणजे तांबडा. आपण मधलं नाव बापाचं लावतो म्हणून आपल्याला हे पटकन उमजतं. अमेरिकन गिऱ्हाइकांना मला चित्र काढून समजवावं लागतं. मुलांची नावं ठेवण्याचा क्रमही मदतीला येतो. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या. कायदा नव्हता, रीत होती, पण मोडली तर मोडण्याचं काहीतरी कारण सापडतं. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही टिपून ठेवा. ते बहुधा मामा, मावशी, काका असतात.

तर व्याह्यांना ढालीबद्दल काही बोलू नका, नातं महत्त्वाचं. सुनेला विचारा की तिच्या आजोबांच्या आजोबांना कुठे पुरलं, आणि पुढच्या वेळी ती मंडळी तिकडे गेली की दगडाचा फोटो काढायला सांगा, समोरून आणि सकाळच्या तिरक्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. वंशावळीत मर्फींच्या सर्वांत वरच्या चौकटीत सध्या 'कॉर्क' किंवा 'वेक्सफर्ड' काहीही लिहू नका, कोरी ठेवा. आणि फोटो आला की खालच्या ओळी जशा दिसतील तशा मला लिहून पाठवा, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी दुरुस्त न करता.